दुसऱ्या चिठ्ठीपर्यंत सोबत करा : इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
इंदूर शहरातील सर्व मराठी मंडळे, महिला मंडळे, भजनी मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ

विषय : नैराश्याच्या आजारावर उपचार सुरू केलेल्यांना मंडळांनी सोबत देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी रामबाग भागात औषधांचं दुकान चालवते. माझ्या आधी सासरे चालवायचे. तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखता, कुणी गिऱ्हाईक म्हणून, कुणी दरवर्षी गणपतीची वर्गणी न्यायला येता म्हणून. यंदा वर्गणी देताना माझं एक मागणंही आहे. ते एकट्या कुठल्या मंडळाकडे न मांडता सगळ्यांपुढे ठेवावं, म्हणून हे खुलं पत्र.

मागणं असं. नैराश्याच्या आजारावर ज्याचे उपचार नुकतेच सुरू झाले आहेत, अशा माणसाला पहिले सहा ते आठ आठवडे सोबत करतील अशी चार-पाच माणसं प्रत्येक मंडळानं तयार करावीत. व्याख्यानं आपण पुष्कळ ठेवतो. 'तणावमुक्त जीवन', 'सकारात्मक विचारांची ताकद' अशा विषयांवर वक्ते येतात, छान बोलतात, मग चहा-पोहे होतात. ज्याच्यासाठी ते सगळं असतं तो मात्र सभागृहात आलेलाच नसतो. त्याला त्या दिवशी आंघोळीला उठणंही जमलेलं नसतं.

काउंटरच्या या बाजूनं मला जे दिसतं ते आधी सांगते. नैराश्याच्या औषधाची पहिली चिठ्ठी घेऊन आलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो. दुकानात गर्दी असेल तर तो बाहेरच मोबाईल बघत थांबतो. गर्दी पांगली की आत येतो आणि घडीवर घडी घातलेली चिठ्ठी हळूच पुढे सरकवतो. औषधाचा खोका नको म्हणतो, नुसती पट्टी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मागतो. आमच्या गल्लीतले काही जण तर माझ्याकडे येतच नाहीत, पार विजयनगरला जाऊन औषध घेतात. आणि विजयनगरची माणसं तेवढ्यासाठी इथे येतात. कुणी पाहू नये एवढाच हेतू.

तरीही ती येतात याचं मला मोल वाटतं, कारण डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचायलाच त्यांचे कित्येक महिने गेलेले असतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन असतं, सोबत झोपेसाठी थोडे दिवस क्लोनाझेपाम. औषध पंधरा दिवसांचं, मग पुन्हा दाखवायचं. आणि दुसरी चिठ्ठी फार जणांची येतच नाही. महिना-दीड महिन्यानं तोच माणूस किंवा घरातलं कुणी खोकल्याचं औषध न्यायला येतं, दुकानात दुसरं कुणी नसलं तर मी आडून विचारते, आणि उत्तरं ठरलेली असतात. "काही फरकच पडला नाही हो." "मळमळायला लागलं, म्हणून सोडल्या." "घरचे म्हणाले, सवय लागेल."

या तीन उत्तरांपायी आपल्या शहरात किती माणसं बरी व्हायची राहून जात असतील, या विचारानं मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून एकेक उत्तर नीट घेते.

फरक पडला नाही, हे खरंच असतं. तापाच्या गोळीनं तासाभरात ताप उतरतो, तशी ही औषधं नाहीत. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर त्यांचं काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं, पण त्यामुळे मेंदूच्या घडणीत जे बदल व्हायचे असतात त्यांना वेळ लागतो. माणसाला थोडं बरं वाटायला दोन ते चार आठवडे जातात, औषधाचा पुरता गुण दिसायला सहा ते आठ आठवडे. त्रास मात्र आधी होतो. मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, जीव घाबरल्यासारखा होणं हे पहिल्या आठवड्यातच सुरू होतं आणि बहुतेकांचं दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणजे पहिले पंधरा दिवस नुसता तोटा, लाभ काही नाही. धडधाकट माणूससुद्धा अशा वेळी गोळी सोडेल. इथे तर आजारच माणसाच्या कानात सारखा सांगत असतो की तुझं आता काही व्हायचं नाही, कशाचा उपयोग नाही. पंधरा दिवस गोळी घेऊन गुण आला नाही की त्याला तो पुरावाच वाटतो : बघा, औषधसुद्धा मला लागू पडत नाही. त्यानंतर त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे पहिल्यापेक्षा दुप्पट कठीण. एका औषधानं खरोखरच गुण आला नाही, तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दुसरं औषध देतात. पण त्यासाठी पेशंटनं परत जायला हवं ना.

आता सवयीचं. नैराश्याच्या औषधांनी दारू-तंबाखूसारखी तलफ येत नाही, दिवसेंदिवस जास्त गोळ्या लागत नाहीत. पण ती एकदम थांबवली तर चक्कर येणं, डोक्यात विजेसारखी सणक जाणं, चिडचिड असा त्रास होऊ शकतो आणि लोक त्यालाच सवय समजतात. थांबवायची वेळ आली की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवत आणतात. आणि बरं वाटायला लागलं म्हणजे थांबवायची वेळ आली असं नव्हे. पहिल्यांदाच आजार झालेला असेल तर बरं झाल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, म्हणजे आजार उलटत नाही.

ज्यांची खरोखर सवय लागते त्या गोळ्या निराळ्या : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोपेच्या आणि घबराटीच्या. आणि माझ्याकडे बिनचिठ्ठीनं मागणी असते ती नेमकी त्यांचीच. "शेजारच्या वहिनी घेतात ना, ती छोटी गोळी द्या ताई, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही." १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलामसारख्या यातल्या बऱ्याच गोळ्या शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, दिली की डॉक्टरांचं, पेशंटचं आणि औषधाचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. मी नाही म्हटलं की माणसं रागावतात. पण नैराश्यात झोप उडालेली असते तेव्हा नुसत्या झोपेच्या गोळीनं रात्र निघते, आजार जागच्या जागी राहतो.

मग हा आजार ओळखायचा कसा आणि डॉक्टरांकडे जायचं केव्हा? मंडळातल्या प्रत्येकाला निदान एवढं तरी ठाऊक असावं.

सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, मन उदास किंवा रिकामं वाटणं. किंवा ज्यात जीव रमायचा त्यातली गोडी पार जाणं. या दोहोंपैकी एक तरी असतंच. त्याच्या जोडीला झोप उडते किंवा अति येते, भूक आणि वजन बदलतं, काही न करता थकवा येतो, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, साधे निर्णय होत नाहीत, हालचाल मंदावते किंवा एका जागी बसवत नाही, आपण सगळ्यांना ओझं आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. अशा नऊ लक्षणांपैकी पाच किंवा जास्त असली आणि रोजच्या कामात अडथळा यायला लागला, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली जगभर वापरतात, ती मराठीतही आहे. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरांना दाखवावं. निदान अर्थातच डॉक्टर करतात, आपण नाही. आणि पाच लक्षणं भरेपर्यंत थांबायचीही गरज नाही. दोन आठवडे झाले आणि माणूस आपल्या रोजच्यासारखा राहिलेला नाही, एवढं कारण पुरे.

माणूस गेल्याचं दुःख झालं तर? दुःख लाटांनी येतं. मधूनच आठवण निघते, माणूस हसतोसुद्धा, नातवाला जवळ घेतो, पुन्हा रडतो. नैराश्यात ही ये-जा थांबते आणि माणूस स्वतःलाच दोष द्यायला लागतो. पण दुःखातूनही पुढे आजार होऊ शकतो, म्हणून "नवरा गेलाय, वाटणारच तसं" एवढं म्हणून विषय संपवू नये.

एका काकूंचं सांगते, त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पुसून. एका महिला मंडळात मंगळागौरीचे खेळ बसवायच्या त्या त्याच. सगळ्यांच्या आधी यायच्या, फुगडीला नव्या सुनांना ओढून उभ्या करायच्या. मुलगा बाहेरगावी, यजमान जाऊन थोडे दिवस झालेले. हळूहळू त्यांचं येणं थांबलं. मंडळात एक-दोनदा विचारपूस झाली, मग "त्यांना आता घरीच बरं वाटतं" असं ठरून गेलं. पुढे त्या माझ्याकडे कॅल्शियमच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा ओळखू येईनात. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काल भेंडी चिरायला घेतली. गोल चिरू की उभी चिरू हेच ठरेना गं. अर्धा तास सुरी घेऊन बसले. मग सगळी भेंडी तशीच फ्रिजमध्ये टाकली आणि वरणभात लावला." ते बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. मी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी तपासून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

त्यांची दुसरी चिठ्ठी आली. तिसरीही आली. कारण मंडळातल्या त्यांच्या एका मैत्रिणीनं ते अंगावर घेतलं. रोज सकाळी नाश्ता झाला की ती फोन करायची, गोळी घेतली का विचारायची आणि दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलायची. संध्याकाळी नाक्यापर्यंत चालायला घेऊन जायची, काकू बोलल्या नाहीत तरी शेजारून चालायची. पहिल्या आठवड्यात मळमळीनं काकूंनी गोळी सोडायची म्हटलं तेव्हा तिनंच दवाखान्यात फोन करून विचारलं, आणि जेवणानंतर घ्यायला सांगितल्यावर ते निभावलं. पुन्हा दाखवायच्या दिवशी रिक्षा घेऊन दारात हजर. ती बाई काही डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. तिनं केलं ते आपल्या मंडळांतल्या कितीतरी जणींना जमण्यासारखं आहे.

जगात असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेले आहेत. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्यांच्या आवारात बाकं ठेवली आणि वस्तीतल्या आज्ज्यांना प्रशिक्षण देऊन तिथे बसवलं. माणसं येतात, आजीजवळ बसून बोलतात, तिच्या मदतीनं एकेक अडचण सोडवायला घेतात. २०१६ साली त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध झाला : आज्ज्यांशी बोललेल्या लोकांची लक्षणं सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा बरीच कमी होती. आपल्या देशात गोव्यातही डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठकींचा कार्यक्रम राबवला. तिथेही नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त लोक बरे झाले. भर होता तो माणसाला छोट्या-छोट्या रोजच्या कामांकडे परत आणण्यावर. मला त्यात आपल्या मंडळांतल्या मावश्या आणि निवृत्त काका दिसतात.

आपल्याकडे गरज किती आहे? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात मध्य प्रदेशही होता. देशात साधारण २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्याचा आजार होतो असं त्यात दिसलं. मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. आपल्या मंडळाची सभासद यादी काढा आणि वीसनं भागा.

आजार प्रत्येक घरात वेगळ्या रूपानं येतो, म्हणून नजर तयार हवी. साठीच्या पुढचे आजोबा "मन उदास आहे" असं म्हणणारच नाहीत. गॅस, कंबर, बद्धकोष्ठ, विसरायला होतंय, हेच सांगतील, आणि सगळ्या तपासण्या नॉर्मल येतील. कर्ता पुरुष रडत नाही. चिडतो, संध्याकाळची दारू वाढते. भंवरकुआँच्या कोचिंगला खोली घेऊन राहिलेला मुलगा घरी फोनवर "अभ्यास चाललाय" म्हणतो आणि चार दिवस मेसचा डबा उघडलेला नसतो. बाळंतिणीला पहिले दहा-बारा दिवस उगाच रडू येणं पुष्कळदा दिसतं आणि आपोआप थांबतं. पण दोन आठवड्यांनंतरही ते चालू असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर "बाळंतपणात होतं असं" म्हणून तिला खोलीत ठेवू नका. अंगावर पाजणाऱ्या आईलाही देता येतील अशी औषधं आहेत. बाळाला इजा करण्याचे विचार, भास, रात्र-रात्र अजिबात झोप नसणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

कधीकधी मूळ शरीरात असतं. थायरॉइड कमी काम करत असेल, बी-१२ कमी असेल, रक्त कमी असेल तरी माणूस असाच मलूल होतो. आपल्यातल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते. म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांकडे गेलं तरी चालेल, ते रक्त तपासतील. आणि पूर्वी कधी आठवडाभर झोपेची गरजच न वाटणं, अफाट उत्साह, बेसुमार खर्च असं झालं असेल, तर ते डॉक्टरांना न चुकता सांगा. तो बायपोलर नावाचा वेगळा आजार असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी असतात.

सौम्य नैराश्यात नुसत्या समुपदेशनानं, नियमित चालण्या-व्यायामानं, बिघडलेली दिनचर्या बसवल्यानंही गुण येतो. मध्यम आणि तीव्र आजारात औषध लागतं, आणि बोलण्याचे उपचार जोडीला असले तर उत्तम. भजन, नामस्मरण, योगासनं, यांतलं काहीही सोडायला कुणी सांगत नाही. गोळी सोडू नका, एवढंच. ग्रहशांती झाली, आता औषध कशाला, हा विचार मी नीट शिकलेल्या घरांतही ऐकते.

बोलताना आपण काय बोलतो याकडेही मंडळींनी लक्ष द्यावं. "तुला काय कमी आहे?" "मन कुठेतरी गुंतव." "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." बोलणाऱ्याच्या मनात माया असते हे मला माहीत आहे. ऐकणाऱ्यापर्यंत मात्र एवढंच पोचतं की मी मनानं कमकुवत आहे आणि वर कृतघ्नही. त्यापेक्षा "उद्या दहा वाजता मी येते, आपण बरोबर जाऊ" हे वाक्य उपयोगी पडतं. किंवा नुसतं शेजारी बसावं.

आणि एक प्रश्न विचारायला घाबरू नये : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं, की कुणीतरी विचारलं. उत्तर हो असेल, किंवा माणूस निरोपाचं बोलायला लागला असेल, कागदपत्रं आवरून जपलेल्या वस्तू वाटून टाकत असेल, किंवा फार दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत झाला असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या आणि इतर घातक वस्तू आवाक्याबाहेर ठेवायच्या, आणि सरळ हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्यायचं. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आहे. औषध सुरू असलेल्या अशा माणसाच्या गोळ्या घरातल्या दुसऱ्यानं सांभाळाव्यात, एका वेळी थोड्याच दिवसांच्या न्याव्यात. मी तशा देते. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये, अस्वस्थता किंवा असे विचार वाढू शकतात. तसं दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. सोबतीची गरज सर्वांत जास्त या दिवसांत असते.

पोलीस केस होईल या भीतीनं कुणी लपवत असेल तर त्याला सांगा : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करत नाहीत आणि त्याला उपचार मिळवून देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरायला सांगितलं आहे.

जायचं कुठे? खाजगी मानसोपचारतज्ज्ञ शहरात पुष्कळ आहेत. सरकारीमध्ये एम. वाय. हॉस्पिटल आहे, बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेचं नाव आपल्या घरांत भांडणात टोमणा म्हणून घेतात. मुलांच्या कानांवर ते पडतं आणि पुढे त्यांच्यावर वेळ आली की तीच मुलं तिथे जायला तयार होत नाहीत. ते बोलणं आपल्यापुरतं तरी बंद करू या. घराबाहेर पडवत नसेल तर टेली-मानसला फोन करता येतो : १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी मंडळांवाचून दुसरं कुणीच उपयोगी नाही, तिच्याकडे वळते. आपण वधू-वर मेळावे भरवतो. या मेळाव्यांपायी उपचार तुटताना मी पाहिलेत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, औषधानं छान सावरलेली, नोकरीला जाते. स्थळ येतं आणि आई माझ्याकडे येऊन विचारते, "गोळ्या आता बंद केल्या तर चालेल ना? पाहुणे यायचेत, कपाटात दिसायला नकोत." डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबतात. लग्नाच्या धावपळीत, नव्या घरात, आजार उलटतो, आणि मग "आम्हाला फसवलं" पर्यंत गोष्ट जाते. यात मुलीचं काय चुकलं? मधुमेहाची गोळी घेणारा मुलगा मेळाव्याच्या मंचावर उभा राहतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. मेळाव्याच्या मंचावरून अध्यक्षांनीच पाच मिनिटं यावर बोलावं अशी माझी विनंती आहे : उपचारानं बरा होणारा हा आजार आहे, तो लपवू नका, औषध तोडू नका, आणि समोरच्यानं विश्वासानं सांगितलं तर ते गावभर करू नका. हेच मी दुकानात बसून सांगितलं तर एका आईपर्यंत पोचतं. तुम्ही सांगितलंत तर तीनशे घरांपर्यंत पोचेल.

सोबत करणारी माणसं निवडताना पहिली अट तोंडाला कुलूप असण्याची हवी. आजारी सभासदाचं नाव मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, इतिवृत्तात नको, हळदीकुंकवात तर नकोच. सोबत्यानं उपचार करायचे नाहीत, औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही. रोज एक फोन, आठवड्यातून दोन-तीनदा भेट किंवा फेरफटका, पुन्हा दाखवायच्या दिवशी बरोबर जाणं, आणि काही वेगळं दिसलं तर घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगणं, एवढंच काम. एका सोबत्याकडे एका वेळी एकच माणूस असावा. सोबत्यालाही मन मोकळं करायला जागा लागते, म्हणून महिन्यातून एकदा त्यांनी एखाद्या समुपदेशकाबरोबर बसावं. प्रशिक्षणासाठी शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांना आपण सगळ्या मंडळांनी मिळून विचारावं, म्हणजे प्रत्येकाला वेगळी धावपळ नको. खर्च म्हणाल तर एका संध्याकाळच्या वाद्यवृंदापेक्षा कमीच येईल.

पुढच्या कार्यकारिणी बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि गणेशोत्सवातली एक संध्याकाळ सोबत्यांच्या पहिल्या प्रशिक्षणाला द्यावी, ही विनंती. माझं दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. त्या वेळात कुठल्याही मंडळात येऊन या औषधांची माहिती द्यायला, लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायला मी तयार आहे. रामबागेतल्या मंडळानं सोबत्यांची यादी केली तर त्यात माझं नाव धरावं.

आपली,
एक औषधविक्रेती
रामबाग, इंदूर